उपग्रहाला दिसणारा गुंठा

मराठवाड्यात बारावी सायन्सचा निकाल लागला की घरातले प्रश्न ठरलेले असतात. नीटला किती पडले, सीईटीला पर्सेंटाइल किती, एक वर्ष रिपीट करायचे का. लातूर आणि नांदेडमधल्या क्लासेसच्या गल्ल्या याच प्रश्नांवर उभ्या आहेत. मेडिकल हुकले की मुले बीएस्सीला येतात. तिथे केमिस्ट्रीची जागा मिळाली नाही, की त्यांतली काही जण नाइलाजाने पर्यावरणशास्त्र, भूगोल नाही तर भूशास्त्र घेतात. जिओमॅटिक्स हे नाव बहुतेक पालकांच्या कानावरूनही गेलेले नसते. जमिनीची मोजणी, उपग्रहाची छायाचित्रे, जीपीएस, ड्रोन आणि या सगळ्यांतून संगणकावर तयार होणारे नकाशे, यांचा एकत्र अभ्यास म्हणजे जिओमॅटिक्स.

पर्यावरणशास्त्र आणि जिओमॅटिक्स हे दोन विषय मराठवाड्याच्या विद्यापीठांत एकाच पदवीत शिकवले गेले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. पाणी, पीक विमा, जमिनीचा हक्क, पुराची भरपाई या इथल्या जगण्या-मरण्याच्या गोष्टी आता नकाशावर ठरू लागल्या आहेत आणि तो नकाशा काढणारा माणूस इथला नाही. त्याला जोडून आणखी एक म्हणणे आहे, जे विद्यापीठांच्या परिपत्रकांत सहसा सापडत नाही. अशी पदवी घेतलेल्या मुलाला सरकारी भरतीचा अर्जच भरता येणार नसेल, तर नवा अभ्यासक्रम काढणे ही त्याची फसवणूक आहे.

पीक विम्यापासून सुरुवात करतो, कारण उपग्रहाची आणि इथल्या सामान्य माणसाची गाठ बहुधा तिथेच पडली. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळातल्या यंत्रावर. मंडळात गावे बरीच, यंत्र एक. नाल्याच्या अलीकडे धो धो आणि यंत्राच्या गावात नुसता शिडकावा, असे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे होते आणि तहसीलवर मोर्चा निघतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानेच रानात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांश त्यासोबत आपोआप जातात. २०२३ च्या खरिपापासून पीक विमा योजनेत ‘येस-टेक’ नावाने उपग्रहाधारित उत्पादन अंदाज आला. पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक रानांतले पीक कापून उतारा मोजण्याच्या, जोडीला या अंदाजाला किमान ३० टक्के वजन द्यायचे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे पाऊस किती, पीक कुठले आणि उतारा किती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आता कमीअधिक प्रमाणात यंत्र देते. त्याच्याशी भांडायचे तर त्याची भाषा कळणारे कोणी तरी तालुक्यात हवे. असा माणूस आज शोधून सापडत नाही.

ती भाषा अवघड आहे असेही नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची छायाचित्रे कोणालाही फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. एक ठिपका, एक गुंठा. जुन्या मोजणीदाराची शंकू साखळीसुद्धा ३३ फुटांचीच, सोळा आण्यांची. शेतकऱ्याच्या मुलांना हे सांगितले की पुढचे फारसे समजावावे लागत नाही. एकरात ४० ठिपके बसणार हे त्यांना लगेच कळते, आणि धुऱ्यावरच्या ठिपक्यात अर्धे पीक आपले नि अर्धे शेजाऱ्याचे मिसळणार हेही. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, त्यात जवळपास नऊ गुंठे एकत्र होतात. आता सोयाबीनच्या चार-सहा तासांमागे, म्हणजे ओळींमागे, तुरीचे एक तास असलेले रान घ्या. त्या ठिपक्याचा रंग कुठल्या पिकाचा म्हणायचा? शिवाय सोयाबीन वाढते जुलै ते सप्टेंबरात, नेमके आभाळ भरलेले असताना. उजेडावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला त्या दिवसांत ढगांच्या पाठीच दिसतात. ढगांतून पार जायचे तर रडारचा उपग्रह लागतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो आणि नासाचा निसार हा त्यातलाच. तो दर १२ दिवसांनी त्याच जमिनीवर परत येतो आणि मातीच्या ओलाव्याचा अंदाज देऊ शकतो.

‘वरून काय दिसतंय हो त्याला?’ हा शेतकऱ्याचा सवाल रास्तच आहे. पण तो असाच विचारला तर विमा प्रतिनिधी हसून पुढे जातो. छायाचित्राची तारीख कोणती, ठिपका किती मीटरचा, ढग किती टक्के होते, जमिनीवर पडताळणी कुठल्या गावांत आणि किती रानांत केली, असे विचारले तर लेखी उत्तर द्यावे लागते. हे चार प्रश्न विचारायला पीएचडी लागत नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा ते लिहून देऊ शकतो, त्याला ते कोणी शिकवले असेल तर.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात नदीकाठची कित्येक राने खरवडून गेली. पुराआधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवले तर कुठले रान गेले हे बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसून दिसते. पण किती फूट माती गेली, खाली उरले ते मुरूम की कातळ, पुढल्या वर्षी तिथे काही उगवेल का, हे उपग्रह सांगत नाही. त्यासाठी रानात जाऊन उघड्या पडलेल्या कडेवर टेप धरावा लागतो, मातीचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. पहिले काम एका विभागाचे, दुसरे दुसऱ्या विभागाचे, आणि दोन्ही विभागांचे प्राध्यापक एकमेकांना भेटतात ते परीक्षेच्या ड्युटीवर. मी एकाच पदवीचा आग्रह धरतो तो यासाठी. नुसता नकाशा शिकलेला मुलगा हिरव्या ठिपक्याला पीक समजतो, ती वेडी बाभळ निघते. नुसते पर्यावरण शिकलेला मुलगा प्रदूषण, ऱ्हास, संवर्धन हे शब्द छान वापरतो, पण किती आणि कुठे म्हटले की गप्प होतो.

मराठवाड्यात हा विषय शिकायचा तर पाण्याशिवाय गत्यंतर नाही. इथला खडक बसाल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर. वर काळी माती, मग मुरूम, मग झिजलेला आणि भेगाळलेला खडक, त्याखाली कुठे सच्छिद्र मांजऱ्या, कुठे घट्ट कातळ, मध्येच तांबडा गेरूचा पट्टा. पाणी राहते ते भेगांत आणि छिद्रांत. घट्ट कातळात त्याला जागाच नाही, मग बोअर आठशे फूट घ्या की हजार. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई केली आहे. लातूर-धाराशिवच्या कुठल्याही गावात चौकशी करा, बोअरची खोली सहाशे फुटांपासून पुढे सांगतील, आणि सांगताना कायद्याचा विचार कोणाच्या डोक्यात नसेल.

बोअर कुठे घ्यायचा हे अजूनही पाणाड्या सांगतो, तळहातावर नारळ उभा राहिला की. त्याला अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. पण शेतकरी त्याच्याकडे का जातो? कारण तो बोलावले की येतो, रानात फिरतो, आणि त्याचे मानधन परवडते. विद्यापीठाचा भूशास्त्रज्ञ येत नाही. विद्यापीठात काय होते, तर प्रबंध होतो. ‘अमुक तालुक्याचा भूजल संभाव्यता नकाशा’ या छापाचे प्रबंध अनेक विभागांच्या कपाटांत आहेत. उतार, ओढ्यांचे जाळे, भेगरेषा, माती, जमिनीचा वापर असे थर संगणकात एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाला वजन द्यायचे आणि शेवटी तांबड्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांचा नकाशा छापायचा. नकाशा देखणा होतो. पण त्या तालुक्यात फेल गेलेले बोअर कुठे आहेत हे त्यावर टाकून पाहिले का, असे तोंडी परीक्षेत विचारले की शांतता. ती माहिती कुठल्याच संकेतस्थळावर नाही. ती बोअरच्या गाडीवाल्यांकडे असते. मुरूम किती फुटांवर संपला, ओल कुठे लागली, कातळ कुठून सुरू झाला, केसिंग, म्हणजे वरचा भाग ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, किती टाकले. केसिंगच्या फुटावर आणि खोलीवर त्यांचे बिल ठरते, म्हणून ती नोंद बरीच काटेकोर असते. तालुक्यातल्या पाच-सहा गाडीवाल्यांच्या वह्या एका हंगामात उतरवून घेतल्या आणि प्रत्येक बोअरची जागा जीपीएसने नोंदली, तर पंचवीस प्रबंधांपेक्षा मोठे काम होईल. त्यासाठी चहा पीत गाडीवर बसावे लागेल, हे मात्र खरे.

जायकवाडीचे उदाहरण याहून मोठे आहे. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद आपण दर दिवाळीच्या आसपास ऐकतो. २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. ६५ टक्के कशाचे? मूळ उपयुक्त साठ्याचे, जो २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे ७७ टीएमसी धरला जातो. पण धरण १९७६ पासून भरते आहे आणि दर पुरासोबत गाळ येतो आहे. त्या गाळाने साठा एक टक्का जरी घटला तरी तो २१.७ दलघमी झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आलेली पन्नास वाघिणींची पाणीगाडी एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर आणत होती. जायकवाडीचा एक टक्का म्हणजे अशा साडेआठ हजारांहून जास्त फेऱ्या.

आणि हे मोजण्याची एक पद्धत विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली आहे. धरणाची पाणीपातळी रोज नोंदली जाते. पाणी भरलेले असतानाचे, निम्मे उतरल्याचे आणि तळ गाठल्याचे, अशी उपग्रहाची छायाचित्रे वेगवेगळ्या तारखांची घ्यायची. प्रत्येकावर पाण्याची कड आखायची, क्षेत्रफळ काढायचे आणि त्या दिवसाच्या पातळीशी जोडायचे. दोन पातळ्यांमधले क्षेत्रफळ आणि उंचीतला फरक यांतून त्या पट्ट्यातले पाणी निघते, आणि जुन्या तक्त्याशी ताडून पाहिले की कुठल्या पट्ट्यात गाळ बसला ते कळते. पाण्याखालच्या मृत साठ्यासाठी बोट आणि खोली मोजणारे ध्वनियंत्र लागते, ते काम नाशिकच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्यांचे. पण वरच्या पट्ट्याचा हिशेब पैठणच्या कॉलेजमधली दोन मुले एका सत्रात करू शकतात. पाण्याच्या भांडणात उपोषणे झाली, मोर्चे झाले, कोर्टकज्जे झाले. आपल्या बाजूने आपल्याच विद्यार्थ्यांनी केलेला आणि दर वर्षी अद्ययावत होणारा साठ्याचा हिशेब मात्र आंदोलकांच्या हातात मला कधी दिसला नाही.

जलयुक्त शिवारबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्या अभियानात प्रत्येक कामाचा अक्षांश-रेखांशासह फोटो टाकणे बंधनकारक होते. तंत्रज्ञान होते, नकाशा होता. तरीही ९,६०० कोटींहून जास्त खर्च होऊन गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मारला. फोटोने एवढेच सिद्ध होते की त्या जागी खड्डा आहे. त्यात पाणी मुरते की नुसते साठून वाफ होते, हे सांगायला शेजारच्या विहिरींची पातळी लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. त्या विहिरी मोजक्याच आहेत आणि नाला खोलीकरण झालेल्या प्रत्येक शिवारात त्या असणारही नाहीत. ही जागा कॉलेजांनी भरायची. टेपला वजन बांधून विहिरीत सोडायला कुठल्या अनुदानाची वाट पाहायची?

आता गायरानाबद्दल, जिथे माझे अनेक पुरोगामी मित्र नकाशा म्हटले की सावध होतात. त्यांची शंका खरी आहे. ड्रोन आणि उपग्रह आले की पहिली नोटीस निघते ती गायरानावर पोट भरणाऱ्या भूमिहीनाला, सातशे एकरवाल्याला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या कामापर्यंत मराठवाड्यातल्या दलितांनी गायरानासाठी मार खाल्ला आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वी कसत असलेली गायराने नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा. त्या तारखेआधी आपण कसत होतो हे सिद्ध करायला दंडाची पावती हवी, पीक पाहणीतली नोंद हवी. ज्याला तलाठ्याने कधी दारात उभे केले नाही, त्याच्याकडे ती कुठून असणार? पण लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ पासून फिरत होता आणि त्याची जुनी छायाचित्रे २००८ पासून सगळ्या जगाला फुकट खुली आहेत. १९८८-८९ च्या खरिपात आणि रब्बीत तो तुकडा कधी हिरवा होता, कधी नांगरलेला काळा होता आणि शेजारचा माळ कधी पिवळा होता, हे त्या छायाचित्रांत पाहता येते. ठिपका नऊ गुंठ्यांचा असल्यामुळे दोन-तीन एकर सलग असेल तरच ते नीट दिसते. अर्ध्या एकराच्या पट्ट्यासाठी हा पुरावा कामाचा नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. म्हाताऱ्यांच्या जबाबांना आणि पंचनाम्याला जोड म्हणून तो उभा राहतो, त्यांच्या जागी नाही. तेवढ्या मर्यादेत तो भूमिहीनाच्या बाजूने बोलू शकतो. पण त्याच्या वस्तीत कोणाला तरी तो उघडता आला पाहिजे. नकाशा नको म्हणून तो थांबत नाही, फक्त एकाच बाजूच्या हातात राहतो.

मराठवाड्याच्या जमिनीचा आणखी एक पेच आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. जुने कागद उर्दूत, काही मोडीत, त्यावर १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा तक्ता, त्यावर आजचा संगणकीकृत सातबारा. चार कागदांत एकाच रानाची चार क्षेत्रफळे निघतात आणि भाऊबंदकीचे खटले तीन पिढ्या चालतात. आता मोजणीला रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणारे यंत्र, आला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायमच्या जीपीएस केंद्रांच्या आधारे तो काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक हद्द देतो. पण सेंटिमीटरची अचूकता साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या साखळीच्या नकाशावर बसवायची कशी? यंत्र बरोबर, कागद बरोबर, तरी बांध सरकतो. पुण्या-बंगळुरूच्या जिओमॅटिक्सच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. संभाजीनगरच्या विद्यापीठात उर्दूही शिकवतात आणि संगणकशास्त्रही. जुना खासरा वाचणारी आणि रोव्हर चालवणारी एकच मुलगी तयार करायची, तर ती याच आवारात होऊ शकते. तसा इथल्या मातीचा मोजणीशी संबंध जुना आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात विल्यम लॅम्बटनने १८१५ मध्ये उदगीरच्या पलीकडे बिदरकडे पायारेषा, म्हणजे सगळ्या त्रिकोणांचा आधार असलेली रेषा, मोजली होती. साखळ्या ओढणारे खलाशी तेव्हाही देशीच असणार. नकाशावर नाव मात्र साहेबाचे.

पर्यावरण मूल्यांकनाचे तेच. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाची जनसुनावणी जिल्ह्यात होते आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. मूळ अहवाल जाड, इंग्रजी, बाहेरच्या सल्लागाराने केलेला. त्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आपल्या माळरानावर न दिसणारे पक्षी असले तरी सुनावणीत कोणी हरकत घेत नाही, कारण माळरानाची यादी आपल्याकडे नाही.

वर्गाची आजची अवस्था काय, ते सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात दिलेल्या निर्देशांमुळे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा पेपर आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, सगळ्यांना. कल्पना फार मोठी होती. प्रत्यक्षात या पेपरचा प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, वर फक्त नाव बदलायचे. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’, आत गंगेचा आणि यमुनेचा फोटो. गावाशेजारून सिंदफणा, दुधना, तेरणा वाहते तिचे नावही नसते. शिक्षकांना मी फार दोष देत नाही. तासिका तत्त्वावरचा माणूस तीन कॉलेजांत धावत असतो, तो मुलांना नदीवर कधी नेणार? जिओमॅटिक्सच्या बाजूला आजार वेगळा आहे. तिथे हा विषय म्हणजे सॉफ्टवेअर झाले आहे. कुठला मेनू उघडायचा, कुठले बटण दाबायचे, एवढे पाठ असते. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग फुकट आहेत, छायाचित्रे फुकट आहेत. तेव्हा निधी नाही ही सबब निम्मीच खरी. मला ठाऊक असलेल्या एका कॉलेजात संगणक होते, इंटरनेट होते आणि प्रयोगशाळेला कुलूप होते, कारण किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला क्षेत्रीय प्रकल्पाचे आणि समाजसहभागाचे श्रेयांक आले आहेत. झाडे लावतानाच्या सेल्फीवर ते श्रेयांक वाटले जाणार, ही भीती मला आहे. त्याऐवजी प्रत्येक कॉलेजने आजूबाजूची काही गावे कायमची धरावीत. दर वर्षीची तुकडी त्याच गावांत जाईल, त्याच विहिरी मोजेल, त्याच शिवाराचा पीक नकाशा काढेल, त्याच नदीचे पाणी त्याच पुलाखाली तपासेल. पहिल्या वर्षी यातून काही निघणार नाही. पाच-सात वर्षांनी जे हाती येईल ते राज्यात दुसऱ्या कोणाकडे नसेल, कारण सरकारी यंत्रणा बदलते, योजनेचे नाव बदलते, कॉलेज तिथेच असते. हा दस्तऐवज मराठीत हवा आणि ग्रामपंचायतीत ठेवायला हवा. मुलींना रानात पाठवायला पालक कचरतात, ही अडचण खरी आहे. दुपारी चारची एसटी चुकली तर पुढची नाही, हे त्यामागचे साधे कारण असते. त्यावर कॉलेजच्या गाडीचा उपाय आहे आणि तो अर्थसंकल्पात बसतो.

इथवर वाचून कोणताही बाप विचारेल, नोकरीचे काय? हा प्रश्न क्षुद्र नाही. तीन एकरवाल्याने मुलीला एमएस्सीपर्यंत शिकवले तर तिला पगार मिळाला पाहिजे. खासगी कंपन्यांत नकाशाचे काम आहे, पण ते बहुतेक हैदराबाद, पुणे, बंगळुरूला. तिथे कामाचा मोठा भाग म्हणजे दिवसभर पडद्यावर रस्ते आणि घरे आखणे, आणि तो पगार शहराच्या भाड्यात जातो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशाच्या क्षेत्रावरची परवान्यांची बंधने उठवली, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले, त्यावर भाषणे खूप झाली. पण ज्या कामांसाठी मराठवाड्याला ही मुले हवीत, त्यांतली बहुतेक कामे सरकारी आहेत. मोजणी, जलसंधारण, पंचनामे, भूजल.

आणि तिथे दार बंद आहे. भूमी अभिलेखच्या भूकरमापक पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका लागते, नाही तर दहावी आणि आयटीआयचे सर्वेक्षकाचे प्रमाणपत्र. जिओमॅटिक्समध्ये एमएस्सी झालेली, रोव्हर आणि ड्रोन दोन्ही चालवणारी मुलगी निव्वळ तेवढ्या पदवीवर हा अर्ज भरू शकत नाही. मृद व जलसंधारण विभागाचे आयुक्तालय संभाजीनगरात वाल्मीच्या, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या, आवारात आहे. त्या विभागाच्या जलसंधारण अधिकाऱ्याला स्थापत्यचीच पदवी किंवा पदविका हवी. पाणलोटाचे शास्त्र शिकलेल्या पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे जागा नाही. स्थापत्यवाल्यांशी माझे भांडण नाही. बंधारा त्यांनीच बांधावा. पण बंधारा कुठे नको, हे सांगणारा माणूस त्याच कार्यालयात, त्याच दर्जाच्या खुर्चीवर हवा. तो नव्हता म्हणून जेसीबीने नाले खोल झाले आणि काही ठिकाणी पाणी धरणारा मुरूमच उपसून ट्रॅक्टरने विकला गेला.

म्हणून मराठवाड्याच्या दोन्ही विद्यापीठांच्या अधिसभांनी नव्या अभ्यासक्रमाचा ठराव करण्याआधी, निदान त्याच बैठकीत, दुसरा एक ठराव करावा. भूकरमापक आणि जलसंधारण अधिकारी या पदांच्या सेवाप्रवेश नियमांत जिओमॅटिक्स, भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या पदव्या पर्यायी अर्हता म्हणून घालाव्यात, अशी शासनाकडे मागणी. विद्यार्थी संघटनांनी शुल्कवाढीइतक्याच जोरात ती रेटावी. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही साथ द्यावी, मृदाशास्त्राची मुले त्यांचीच आहेत. सेवाप्रवेश नियम बदलायला नवा कायदा लागत नाही, अधिसूचना पुरते. पुढच्या भरतीची जाहिरात निघण्याआधी ती निघाली, तर त्या वर्षीच्या प्रवेशाला मुले नाइलाजाने येणार नाहीत.